सात अक्षरांची मुभा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

अमेरिकेत माणसाने वाटेल ते बोलावे आणि सरकारने ते मुकाट्याने ऐकावे, अशी जी समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे आणि येथे येईपर्यंत जी माझीही होती, तिला पहिला धक्का बसला तो माझ्या यजमानांच्या मोटारीमागे उभा असताना. नंबरप्लेटवर रोमन लिपीत ‘सायाद्री’ असा शब्द होता. जादा शुल्क भरल्यास येथे नेमून दिलेल्या क्रमांकाऐवजी पसंतीचा शब्द मिळतो. मात्र अक्षरे सातच, आणि सह्याद्रीला रोमन लिपीत लागतात आठ! घाटमाथ्यावर वाढलेल्या या गृहस्थांनी जड मनाने मधला ‘एच’ गाळला, अर्जात विचारलेल्या अर्थाच्या रकान्यात ‘माझ्या जन्मभूमीचा पर्वत’ असा खुलासा लिहिला, तेव्हा कोठे प्लेट मंजूर झाली.

सर्वांचेच नशीब असे नसते. एका माजी सैनिकाने लष्करातील टोपणनावावरून शब्द योजला, तर त्यातील ‘ओजी’ ही दोन अक्षरे मोटार खात्याच्या दप्तराला गुंडांच्या टोळीची वाटली. एका बाईंनी आपल्या डुकाटी मोटारसायकलच्या आणि स्वतःच्या नावाची सांगड घातली, तर तीत अंमलदारांना शिवी ऐकू आली. असे पाच अर्जदार संघराज्याच्या न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायाधीशांनी ‘सुरुची व सभ्यता’ ही कसोटीच रद्द ठरवली, कारण सुरुची म्हणजे काय हे अखेर त्या त्या कारकुनाच्या मतावरच अवलंबून राहते.

उलट टेक्सासच्या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की खास नक्षीच्या प्लेटवरील मजकूर हे सरकारचेच बोलणे असते, सबब दक्षिणेच्या बंडखोरांचा ध्वज नाकारण्याची सरकारला मुभा आहे. आणि टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तोच न्याय वैयक्तिक शब्दांनाही लावला. ध्वजापुरते मी समजू शकतो, परंतु टेनेसीचा निर्णय मला मुळीच पटत नाही. ज्या शब्दाचा अर्थ दप्तराला अर्जदाराकडूनच विचारून घ्यावा लागतो, तो शब्द सरकार बोलते असे म्हणायचे तरी कसे?

आणि तरीही मला या लोकांचा हेवा वाटतो, तो आपल्या आरटीओच्या आठवणीने. आपल्या 1989 च्या नियमांप्रमाणे प्लेटवर इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच चालतात. तरी 4141 च्या वळणांतून ‘दादा’ आणि 4912 मधून ‘पवार’ काढणारी आमची मुले काही स्वस्थ बसत नाहीत, आणि त्या कारागिरीचे मला मनापासून कौतुक आहे. अपघातानंतर क्रमांक वाचता आला पाहिजे हे सरकारचे म्हणणेही रास्त आहे. माझी तक्रार निराळी आहे. पूर्वी माझ्या स्कूटरवर देवनागरी आकडे होते. एका चौकात मला अडवले गेले, दंड घेतला गेला, आणि कोणत्या नियमान्वये असे मी विचारताच ‘साहेबांना विचारा’ असे उत्तर मिळाले. साहेब जेवायला गेले होते. मी पाऊण तास उन्हात उभा राहिलो, ते आले, स्कूटरकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, “काका, भरा ना, कशाला वाद घालता?” नियम होता, तो योग्यही होता, पण तो मला वाचून दाखवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मातृभाषेचे आकडे लिहिणाऱ्या माणसाला एवढे तरी देणे लागत नव्हते काय?

येथे डुकाटीवाल्या बाईंना नकार मिळाला तो सकारण मिळाला, आणि ते कारण हाती होते म्हणूनच त्यावर भांडता आले. न्यायाधीशांनी एवढ्याशा शब्दांचा पानेच्या पाने कीस काढला आहे. त्या निकालाची प्रत मी छापून घेतली असून, पुढील महिन्यात पुण्यास परतल्यावर ती माझ्या वकील स्नेह्यांच्या हाती देणार आहे.