हृदयातला पडदा कशासाठी? मासा, बेडूक, मगर आणि आपण



पृष्ठवंशी प्राण्यांचं रक्ताभिसरण शिकवताना फळ्यावर एक ओळ हमखास येते. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन, पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या चार. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात. पण या एका ओळीबरोबर दोन समजुती नकळत मुलांच्या डोक्यात बसतात. पहिली अशी की ही एक शिडी आहे, खाली मासा, वर माणूस, आणि बेडूक बिचारा मध्येच अडकलेला. दुसरी अशी की हृदयातला पडदा असतो तो 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' रक्त मिसळू नये म्हणून. पहिली समजूत चुकीची आहे, दुसरी अर्धीच खरी. उरलेली अर्धी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ती म्हणजे दाब.

आधी 'शुद्ध-अशुद्ध' या शब्दांबद्दल थोडं. शरीराकडून परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, एवढंच. त्यात घाण काही नसते. त्यातला ऑक्सिजनही संपलेला नसतो, आपण स्वस्थ बसलेलो असताना त्यातला बराचसा शिल्लकच असतो. आकृतीत ते निळं रंगवतात म्हणून मुलांना ते खरंच निळं वाटतं. प्रत्यक्षात ते गडद लाल असतं. आणि 'रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध' अशी व्याख्या केली की फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीपाशी मुलं अडखळतात. हृदयाकडून नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला, इतकं सांगितलं की पुरे.

आता माशापासून सुरुवात करू. माशाच्या हृदयात एक अलिंद आणि एक निलय. (जुन्या पुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका म्हणत. आजीआजोबा अभ्यास घेत असतील तर हे माहीत असलेलं बरं.) निलयातून निघालेलं रक्त आधी कल्ल्यांत जातं, तिथे ऑक्सिजन घेतं, आणि तिथूनच परस्पर सगळ्या शरीरात फिरून हृदयात परत येतं. एका फेरीत हृदयातून एकदाच जातं, म्हणून हे एकेरी अभिसरण. गंमत म्हणजे माशाच्या हृदयाच्या पोकळीतून जातं ते सगळं रक्त कमी ऑक्सिजनचंच असतं.

यात अडचण कुठे आहे? कल्ल्यांतल्या केशवाहिन्या अतिशय बारीक. त्यांतून जाताना रक्ताचा दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबावरच पुढे अख्खं शरीर भागवायचं. ठिबक सिंचन असलेल्या घरातल्या मुलांना हे लगेच कळतं. फिल्टरच्या आधीचं प्रेशर आणि नंतरचं प्रेशर यांत फरक पडतोच. माशाचं बहुतेकदा यावर भागतं, कारण पाणी त्याच्या शरीराचा भार तोलून धरतं आणि बहुतेक माशांना शरीर गरम ठेवण्याचा खर्च नसतो.

ठिबकचंच उदाहरण पुढे नेऊ. ठिबकला साधारण एक किलो दाब लागतो, तुषारला दोन ते तीन किलो. समजा तुम्ही दोन्ही एकाच मोटरीवर, एकाच लाइनवर जोडले. दाब तुषारच्या हिशोबाने ठेवला तर ठिबकचे ड्रिपर उडतील, ठिबकच्या हिशोबाने ठेवला तर तुषार फिरणारच नाही. शेतकरी काय करतो? दोन वेगळ्या मोटरी बसवतो, नाहीतर मध्ये दाब कमी करायची सोय करतो.

आपल्या शरीरात तुषार म्हणजे डोक्यापासून पायाच्या नखापर्यंतचं शरीर, आणि ठिबक म्हणजे फुप्फुसं. फुप्फुसातल्या वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये जो पापुद्रा असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकी असते. इतका पातळ असतो म्हणूनच ऑक्सिजन आरपार जातो. त्यावर १२० चा दाब घातला तर रक्तातलं पाणी पाझरून वायुकोश भरतील. म्हणून डाव्या निलयाचा दाब १२० च्या आसपास, आणि उजव्या निलयाचा २५ च्या आसपास. मधला पडदा या दोन दाबांना वेगळं ठेवतो. दोन मोटरी, एकाच घरात.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: मग उजवी बाजू रक्त कमी ढकलते का? बहुतेक वर्ग 'हो' म्हणतो. उत्तर आहे, नाही. विश्रांतीत दोन्ही बाजू मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतात. तसं झालं नाही तर रक्त कुठेतरी साचत जाईल. रक्त तेवढंच, दाब वेगळा.

ज्या घरात चालत असेल त्यांनी हे डोळ्यांनी बघावं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर कोंबडीची छोटी हृदयं मिळतात. एक हृदय मधोमध आडवं कापा. डाव्या निलयाची भिंत जाड, पोकळी गोल. उजव्या निलयाची भिंत पातळ, आणि ती डाव्याला बाहेरून चंद्रकोरीसारखी बिलगलेली. बोकडाच्या हृदयात हेच आणखी ठळक दिसतं. आकृती दहा वेळा काढून जे पटत नाही ते या एका कापाने पटतं.

आता बेडूक. त्याला दोन अलिंदं आणि एकच निलय. 'रक्त मिसळतं, म्हणून बेडूक कमी कार्यक्षम' असं आपण सांगून मोकळे होतो. पण बेडूक फक्त फुप्फुसाने श्वास घेत नाही, ओल्या त्वचेनेही घेतो. त्वचेतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त शरीराकडच्या रक्ताबरोबर उजव्या अलिंदात येतं. बेडूक पाण्याखाली किंवा चिखलात असताना फुप्फुसं बंद, मग जो काही ऑक्सिजन मिळतो तो त्वचेतून, म्हणजे उजव्या बाजूने. अशा बेडकाला आपलं चार कप्प्यांचं हृदय बसवलं तर काय होईल? ते सगळं रक्त बंद पडलेल्या फुप्फुसांतून हेलपाटा घालून मगच शरीराला मिळेल. एकाच निलयामुळे ते थेट शरीराकडे जाऊ शकतं. शिवाय त्या निलयाची आतली बाजू स्पंजासारखी असते आणि पुढच्या नळीत पीळदार झडप असते, त्यामुळे दोन प्रवाह आपण समजतो तितके मिसळतही नाहीत. पहिल्या पावसात डबक्यात ओरडणाऱ्या बेडकाला त्याचं हृदय अगदी नीट पुरतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांत गोष्ट आणखी रंगते. पाल, साप, कासव यांच्या निलयात अर्धवट पडदा असतो. कासव पाण्याखाली असताना फुप्फुसाकडचा प्रवाह कमी करून रक्त पुन्हा शरीराकडे वळवू शकतं. अजगराचं तर विशेषच आहे. त्याच्या निलयात पूर्ण पडदा नाही, तरी आकुंचनाच्या वेळी आतला स्नायूचा कंगोरा भिंतीला असा टेकतो की शरीराकडचा दाब फुप्फुसाकडच्या दाबाच्या कितीतरी पट राहतो. म्हणजे कप्पे मोजले तर तीन, काम जवळपास चाराचं. परीक्षेत कप्पे मोजायला लावण्याचा फोलपणा इथे कळतो.

आणि मगर? सांगलीला कृष्णेच्या काठावर मगरी दिसल्याच्या बातम्या आपण वाचतो, तीच मगर. तिच्या हृदयाला पूर्ण पडदा आणि चार कप्पे आहेत. पण तिच्या उजव्या निलयातून फुप्फुसाच्या रोहिणीखेरीज आणखी एक मोठी वाहिनी निघते, ती शरीराकडे जाते. डावीकडून निघणाऱ्या मुख्य महारोहिणीशी ही वाहिनी एका छोट्या छिद्राने जोडलेली असते. इटालियन शरीररचनातज्ज्ञाच्या नावावरून त्याला 'पॅनिझाचं छिद्र' म्हणतात. बुडी मारल्यावर मगर फुप्फुसाची वाट आवळते आणि उजवीकडचं रक्त या दुसऱ्या वाहिनीने शरीराकडे पाठवते. चार कप्पे आणि वर बायपास. शिडीच्या हिशोबाने मगर आपल्या वर ठेवावी लागेल!

पक्ष्यांबद्दल एकच गोष्ट सांगते. पक्ष्यांचे चार कप्पे आणि आपले चार कप्पे या दोन स्वतंत्र वाटा आहेत, एकाने दुसऱ्याकडून घेतलेल्या नाहीत. त्याची खूण शरीरातच आहे. पक्ष्यांत महारोहिणीची कमान उजवीकडे वळते, आपल्यात डावीकडे. दोघांनाही शरीर गरम ठेवायचं होतं, त्यासाठी भरपूर ऑक्सिजन, त्यासाठी जास्त दाब, आणि फुप्फुस वाचवायचं तर पडदा हवाच. हिवाळ्यात भिगवणला येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, ते असल्या हृदयाच्या जोरावर.

आकड्यांची आवड असलेल्या मुलांसाठी थोडा खाऊ. आपलं हृदय मिनिटाला ७२ ठोक्यांच्या हिशोबाने दिवसाला एक लाखाहून जास्त ठोके देतं. निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून २०१९ मध्ये मोजणी प्रसिद्ध झाली, तेव्हा खोल बुडीत ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरलेले आढळले. जिराफाचा रक्तदाब आपल्या सुमारे दुप्पट, कारण मेंदू हृदयापासून जवळजवळ दोन मीटर उंचावर. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं, रक्त पांढुरकं दिसतं. तिथल्या गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, आणि उरलेली कसर मोठं हृदय आणि जास्त रक्त भरून काढतं.

प्राण्यांची ही तुलना म्हणजे पाठाला जोडलेलं शेपूट नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं. दुसऱ्या शतकातल्या गेलेनचं म्हणणं होतं की हृदयाच्या मधल्या पडद्यात न दिसणारी छिद्रं असतात आणि रक्त त्यांतून उजवीकडून डावीकडे झिरपतं. तेराव्या शतकात कैरोतल्या इब्न अल-नफीसने लिहिलं की पडद्यात छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येतं. पुढे विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्त फिरतं हे मांडलं, ते बेडूक, साप, मासे बघून. कुत्र्याचं हृदय इतकं भराभर चालायचं की काही कळेना, थंड रक्ताच्या प्राण्यांचं सावकाश चालतं म्हणून त्याला नीट बघता आलं. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्याला दिसल्या नव्हत्या. त्या मालपिगीला १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसल्या, त्याही बेडकाच्या फुप्फुसात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. पोटातलं बाळ पाण्यात असतं, त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो, आणि तो येतो उजव्या अलिंदात. ओळखीचं वाटतंय ना? बेडकासारखीच अडचण. म्हणून बाळाच्या दोन अलिंदांमध्ये एक झाकणाचं छिद्र असतं, आणि फुप्फुसाच्या रोहिणीपासून महारोहिणीपर्यंत एक आडवाट असते. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की फुप्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि झाकण पडद्यावर दाबलं जातं. आडवाट पुढच्या दोनतीन दिवसांत आवळून बंद होते. आपण प्रत्येकजण असे बायपासवाले होतो.

काही बाळांत मात्र निलयांच्या मधल्या पडद्यात छिद्र राहून जातं. 'हृदयाला छिद्र' म्हटलं की पालक खचतात, आणि 'अशुद्ध रक्त मिसळतंय' असं कोणीतरी सांगतं. सुरुवातीला घडतं उलटंच. दाब डावीकडे जास्त, म्हणून ऑक्सिजनवालं रक्तच उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. मूल निळं पडत नाही, रंग चांगला असतो. छिद्र मोठं असेल तर त्रास होतो तो जादा प्रवाहाचा आणि दाबाचा, म्हणजे ठिबकवर तुषारचं प्रेशर. बाळ दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, धाप लागते, वजन वाढत नाही, छातीत वरचेवर कफ होतो. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं छिद्र तसंच वर्षानुवर्षं राहिलं तर फुप्फुसातल्या वाहिन्या जाड आणि ताठ होत जातात, आणि एका टप्प्यानंतर छिद्र बंद करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून 'मूल तर चांगलं दिसतंय, मोठं झाल्यावर बघू' हे धोक्याचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, आणि पुढचे उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, मोफत आहेत. पथक स्टेथोस्कोपने ऐकत असताना वर्गात शांतता ठेवा, गोंगाटात हृदयाची कुरकुर ऐकू येत नाही. ज्या मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायला सांगितलं असेल त्याच्या घरी चिठ्ठी नुसती दप्तरात घालून पाठवू नका. त्याच दिवशी फोन करा, आणि आईवडील विचारतील की पोर तर खेळतंय, मग छिद्राने बिघडतं काय, तेव्हा त्यांना ठिबक आणि तुषारची गोष्ट सांगा.