करवीरच्या पाण्याचा मागोवा

ज्या नगरीतील वेशी, मैदाने आणि मंडया आजही तळ्यांच्या नावांनी ओळखल्या जातात, त्या नगरीत पावसाचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न पूर्वीच्या रहिवाशांना पडण्याचे कारणच नव्हते. कोल्हापूर, म्हणजेच जुने करवीर, ही अशी नगरी आहे. दक्षिणेस कात्यायनीचा डोंगर, दुसऱ्या अंगास पंचगंगेचे पात्र, आणि या दोहोंमधील उतारावर रंकाळा, कोटितीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ असे लहानमोठे जलाशय. डोंगराकडून आलेले पाणी वाटेत भेटेल त्या खोलगटात विसावत, गाळ तेथेच टाकीत, जयंती आणि दुधाळी या ओढ्यांच्या वाटेने सावकाश नदीस मिळत असे.

1854 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, आणि त्याच शतकाच्या नवव्या दशकात कळंब्याचा तलाव बांधून संस्थानने पिण्याच्या पाण्याचा कायमचा बंदोबस्त केला. ही तजवीज दूरदृष्टीची होती यात शंका नाही. परंतु माझ्या मते गावातील तळ्यांची उपेक्षा येथूनच सुरू झाली, कारण पाणी नळाने दारात येऊ लागल्यावर वस्तीतले तळे हे पाण्याचे ठिकाण न राहता डासांचे ठिकाण ठरले, आणि बुजविण्यास मोकळी असलेली जागा म्हणून त्याकडे पाहिले जाऊ लागले. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. कपिलतीर्थाच्या जागी मंडई भरू लागली. दप्तरी जमिनीचा वापर बदलला, पण जमिनीचा उतार बदलला नाही; म्हणून जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही तळे साठते, आणि खेळावयास आलेली मुले काठावरूनच परत जातात.

आश्चर्य वाटते ते याचे, की नदीचा स्वभाव या भूमीइतका क्वचितच कोणी ओळखला असेल. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण आरंभिले, आणि जलाशय भरताच आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही कोल्हापूरकरांच्या पावसाळी बोलण्याचा विषय असतात. ज्याला महाराष्ट्रभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, त्याचे तत्त्वच असे की, पावसाळ्यापूर्वी बरगे, म्हणजे पाणी अडविणाऱ्या फळ्या, काढून नदीस मोकळी वाट द्यावी आणि पावसाळा सरताना ते पुन्हा घालून पाणी अडवावे. नदीपुढे बाजूस सरण्याचे हे शहाणपण ज्यांनी शेतीसाठी वापरले, त्यांच्याच वारसांनी शहरातल्या ओढ्यांच्या काठी घरे, दुकाने आणि वाहनतळ बांधण्यास परवाने दिले.

जयंतीची कथा याहून दुःखद आहे. जिला जुने लोक नदी मानीत, तिचा उल्लेख सरकारी कागदांत नाला असा होऊ लागला, आणि नाला म्हटल्यावर त्यात मैला सोडण्याचा संकोच उरला नाही. 1972 साली महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, पण सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांच्या वाटा निराळ्या असाव्यात हे तत्त्व अंमलात आले नाही. पंचगंगेच्या खालच्या अंगास वसलेल्या इचलकरंजीत 2012 च्या उन्हाळ्यात काविळीची भयंकर साथ पसरून माणसे दगावली, तेव्हा नदीत काय मिसळते याचा विचार सर्वांनाच करावा लागला. पुढे कसबा बावडा येथे दररोज 76 दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे 17 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे उभी राहिली. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे. मात्र जयंतीचे पाणी बांधाने अडवून, उपसून बावड्यास पोहोचवावे लागते. मोठा पाऊस आला की ओढ्याचा लोंढा बांध ओलांडतो आणि मैला व पाऊस एकाच वाटेने नदीत जातात.

नदी फुगली म्हणजे तर हीच वाट उलटी होते. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याशी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेले, आणि जुलै 2021 मध्ये त्याहूनही वर. नदीचे पाणी जयंतीच्या मुखातून आत शिरले, आतले पाणी बाहेर पडण्यास जागा उरली नाही, आणि शाहूपुरी, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर येथे रस्त्यांवरून नावा चालल्या. धरणांचा विसर्ग, नदीकाठचे भराव यांविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आवश्यकही होते. शहराच्या पोटात बुजलेल्या खोलगटांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

रंकाळ्याने निराळा धडा दिला. त्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याने एकेकाळी त्यावर जलपर्णी पसरली आणि पाणी हिरवे झाले, तेव्हा नागरिक काठावर उतरले. गणेशमूर्तींचे विसर्जन नदी आणि रंकाळा सोडून इराणी खणीकडे वळले, आणि हा बदल लोकांनी मनापासून स्वीकारला. पिण्यासाठी तर 2023 च्या अखेरीस काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने शहरात आले. माझी चिंता एवढीच आहे की, कळंब्याचा नळ आल्यावर जे गावतळ्यांचे झाले, ते या नव्या नळाने पंचगंगेचे होऊ नये.

म्हणून करवीरकरांस विनंती आहे, की महापालिकेकडे मागणी करताना रस्ता आणि दिवा यांच्या जोडीने एक गोष्ट मागावी : जयंती, दुधाळी आणि उरलेल्या प्रत्येक तळ्याची हद्द मोजून, दगड रोवून, नकाशावर कायम करावी, आणि त्या हद्दीत यापुढे एकाही बांधकामास मंजुरी देऊ नये.