यीस्ट जिवंत आहे का?

घरगुती वापरापुरती बिअर घरीच बनवण्याची मोकळीक इंग्लंडमध्ये १९६३ साली, तर अमेरिकेत १९७८ सालच्या केंद्रीय कायद्याने मिळाली. तेव्हापासून तेथे हा छंद चांगलाच रुजला आहे. आपल्याकडे दह्याचे विरजण जपतात, तसे हे छांदिष्ट लोक यीस्ट जपतात. हे यीस्ट पुष्कळदा टपालाने मागवलेले असते. ऐन उन्हाळ्यात पार्सल वाटेत दोन-तीन दिवस राहते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ५० अंश सेल्सियसच्या पुढे सहज जाऊ शकते. पाकीट हाती येते तेव्हा बाहेरून मात्र काहीच कळत नाही. मग प्रश्न पडतो, की आतले यीस्ट जिवंत आहे की मेले?

प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर ‘जिवंत’ या शब्दाचा आपण काय अर्थ घेतो, यावर अवलंबून आहे.

प्रथम पाकिटात काय असते ते पाहू. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. एका ग्रॅम कोरड्या यीस्टमध्ये अंदाजे हजार कोटी पेशी असतात. त्या मेलेल्या नसतात; त्यांच्यातले बहुतेक पाणी काढून घेतल्यामुळे चयापचय जवळजवळ थांबलेला असतो. उष्णतेने पेशी मरते ती मुख्यतः तिच्यातील प्रथिनांची घडी मोडल्यामुळे आणि पेशीपटल फाटल्यामुळे. प्रथिनांची घडी मोडण्यास पाण्याची मदत होते. त्यामुळे ओले यीस्ट ६० अंशांवर काही मिनिटांत मरते, परंतु कोरडे यीस्ट त्याच तापमानात बराच वेळ तग धरते. पेशीत साठवलेली ट्रेहॅलोज ही शर्करा पाण्याची जागा घेऊन पटलाला आधार देते. म्हणजे केवळ तापमान पुरेसे नाही. यीस्ट ओले होते की कोरडे आणि किती वेळ तापले, हेही विचारावे लागते.

सर्वांना ठाऊक असलेली परीक्षा फेसाची. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालायचे, फेस आला की यीस्ट चांगले. यात एक फसगत आहे. समजा, एका पाकिटातील सर्व पेशी जिवंत आहेत आणि दुसऱ्यातील आठांपैकी एकच. पोषक द्रव मिळाला की यीस्टच्या पेशी कलिकायनाने वाढतात. अनुकूल परिस्थितीत त्यांची संख्या दुप्पट व्हायला दीड ते दोन तास लागतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीन वेळा दुप्पट झाली, की पाच-सहा तासांत दुसरे पाकीट पहिल्याच्या मूळ संख्येला येऊन पोहोचते. रात्री भिजवून सकाळी पाहिले, तर फेस दोन्हीकडे दिसेल!

पण बिअर करणाऱ्याला हे पाच-सहा तास महाग पडतात. मोड आणलेल्या जवापासून काढलेला गोड काढा हे जिवाणूंचेही आवडते खाद्य आहे. यीस्टने लवकर ताबा घेतला नाही, तर जिवाणू तो आंबट करून टाकतात. काढ्याच्या दर मिलिलिटरला सुमारे एक कोटी पेशी घालाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. वीस लिटर काढ्याला वीस हजार कोटी पेशी झाल्या. तेव्हा ‘यीस्ट जिवंत आहे का?’ यापेक्षा ‘त्यातले किती जिवंत आहे?’ हा प्रश्न उपयोगाचा ठरतो.

याचे उत्तर फेसातूनही मिळू शकते, मात्र पाहण्याची वेळ बदलायला हवी. पहिल्या अर्ध्या तासात पेशींची संख्या फारशी वाढत नाही. त्या वेळात निघणारा वायू सामान्यतः काम करणाऱ्या पेशींच्या प्रमाणात असतो. ताज्या यीस्टची तेवढ्याच वजनाची बाटली शेजारी ठेवून तुलना केली, की अंदाज बांधता येतो.

तरीही एक शंका उरते. १८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखर घालताच बुडबुडे येऊ लागले. पेशीतील विकरेच हे काम करत होती. या शोधासाठी त्याला १९०७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे बुडबुडे विकरांची साक्ष देतात. पेशी पुढे वाढेल याची हमी देत नाहीत.

दुसरी परीक्षा रंगाची आहे. यीस्ट कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावे आणि ते मिश्रण पुरेसे पातळ करावे. त्याच्या एका थेंबात ०.०१ टक्का मिथिलिन ब्लूचा एक थेंब मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ४०० पट मोठे करून पाहावे. जिवंत पेशी आत आलेल्या रंगाचे क्षपण करून त्याला रंगहीन करते. मेलेली पेशी निळी होते. ३०० पेशी मोजल्या आणि ६० निळ्या निघाल्या, तर ८० टक्के जिवंत म्हणायच्या. मोजणी काही मिनिटांतच उरकावी. मात्र उष्णतेने जायबंदी झालेली एखादी पेशी रंग घालवते, पण तिला विभाजन जमत नाही. म्हणून तापलेल्या यीस्टच्या बाबतीत हा आकडा थोडा फुगलेला असण्याचा संभव असतो.

तिसरी परीक्षा आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. उगवण कमी भरली, तर एकरी बियाणे वाढवतात. प्रयोगशाळेत यीस्टचे मिश्रण खूप पातळ करून पोषक आगरवर पसरतात. जी पेशी वाढते तिची दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसणारी वसाहत होते. ही यीस्टची उगवण चाचणीच होय. सर्वांत कडक परीक्षा ही, पण तिला वेळ आणि निर्जंतुक साधने लागतात.

शाळेत करण्याजोगा प्रयोग असा. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून कोरडे यीस्ट आणावे. पाच सारख्या बाटल्या घ्याव्यात.

क – तीन ग्रॅम यीस्ट, न तापवलेले.
ख – तीन ग्रॅम कोरडे यीस्ट, बंद परीक्षानळीत ठेवून ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे तापवलेले.
ग – तीन ग्रॅम यीस्ट, २० मिलिलिटर पाण्यात कालवून तसेच तापवलेले.
घ – न तापवलेले यीस्ट, पण ‘क’च्या फक्त एक अष्टमांश.
च – यीस्ट नाही.

प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर आणि एकूण १०० मिलिलिटर होईल इतके कोमट पाणी घालावे. तोंडाला फुगा बसवावा. बाटलीला घट्ट बूच कधीही लावू नये. अर्ध्या तासाने दोरा गुंडाळून फुग्यांचा घेर मोजावा. ‘क’ आणि ‘ख’ यांत फारसा फरक दिसणार नाही. ‘ग’ आणि ‘च’ पडून राहतील. ‘घ’ मागे असेल. दुसऱ्या दिवसापर्यंत मात्र ‘घ’मधली साखरही बहुधा संपलेली असेल आणि अर्ध्या तासाने दिसलेला फरक हरवलेला असेल. उरलेल्या द्रवात थोडे अल्कोहोल असते, म्हणून शिक्षकांनी तो स्वतः ओतून टाकावा.

‘च’ बाटली कशासाठी आणि ‘घ’ कशासाठी, हे विद्यार्थ्यांना आधी विचारावे. ‘घ’ म्हणजे सात अष्टमांश मेलेल्या पाकिटाची नक्कल आहे, हे त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात येते का ते पाहावे.

आता टपालाने आलेल्या पाकिटाकडे वळू. निम्म्या पेशी जिवंत असतील, तर बिअर करणारा दोन पाकिटे वापरतो. फारच थोड्या असतील, तर थोड्या उकळून थंड केलेल्या काढ्यात एक-दोन दिवस त्यांची वाढ करून घेतो आणि मगच त्या मोठ्या भांड्यात घालतो. उगवण पाहून बियाणे वाढवणारा शेतकरी तरी याहून वेगळे काय करतो?