चरखी दादरीचे आकाश

दिल्लीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, हरियाणातील चरखी दादरी या गावाजवळ, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी पावणेसातच्या सुमारास दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि दोहोंतील मिळून ३४९ माणसांपैकी एकही वाचले नाही. दिल्लीच्या पालम विमानतळावरून नुकतेच उडालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ धहरानकडे निघाले होते. त्यातील ३१२ जणांत पोटापाण्यासाठी आखाती मुलखाची वाट धरलेल्यांचा भरणा मोठा होता. कझाकस्तानातील चिमकेंतहून दिल्लीस उतरावयास येणाऱ्या इल्युशिन ७६ मध्ये ३७ माणसे होती. पालमच्या नियंत्रकाने येणाऱ्यास पंधरा हजार फुटांवर आणि जाणाऱ्यास चौदा हजार फुटांवर राहण्यास सांगितले होते, समोरून बोइंग येत असल्याची सूचनाही दिली होती, आणि दोघांनी आपापल्या उंचीवर राहण्याएवढे केले असते तर हजार फुटांच्या अंतराने ती निर्धास्तपणे ओलांडून गेली असती.

मग ही हजार फुटांची भिंत ढासळली कशी? दिल्ली उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने मुख्य दोष कझाक वैमानिकांवर ठेवला. नियंत्रकाशी इंग्रजीतून बोलण्याचे काम त्या विमानात संदेशवाहकाकडे सोपविलेले होते. त्याच्यापुढे उंचीमापक नव्हता, आणि आकडा पाहावयाचा तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावे लागे. म्हणजे हुकूम ज्याच्या कानी पडे त्याच्या हाती सुकाणू नाही, आणि ज्याच्या हाती सुकाणू त्याला हुकूम दुसऱ्याच्या मुखातून कळे. विमान ठरलेल्या पातळीखाली उतरल्याचे त्या संदेशवाहकाच्या ध्यानी आले, त्याने वर चढण्यास सांगितले, विमान किंचित वर उचललेही गेले. पण तोवर वेळ टळली होती.

दोष एकट्या परक्यांच्या पदरात टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी न्यायाचे नव्हे. राजधानीच्या विमानतळावरील तेव्हाचे रडार विमानाची दिशा आणि अंतर तेवढे दाखवी. उंची वैमानिक तोंडाने सांगेल तीच खरी मानावयाची. शिवाय आजूबाजूचे पुष्कळसे आकाश हवाई दलाच्या ताब्यात असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या नागरी विमानांना एकच चिंचोळी वाट मोकळी होती. सातासमुद्रापलीकडच्या राष्ट्रांशी करारमदार करणे सोपे, पण आपल्याच दोन खात्यांना एका मेजाभोवती बसविणे कर्मकठीण, हा अनुभव आपल्या सरकारी कारभारात नवा नाही. अपघातानंतर मात्र जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या.

एक विमान कझाक, दुसरे सौदी, भूमी हिंदुस्थानची: अशा प्रसंगी तपास कोणी करावयाचा? याचे उत्तर ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे बावन्न राष्ट्रांनी सही केलेल्या करारात आहे. महायुद्ध अद्याप संपले नव्हते, तरी युद्धोत्तर आकाशाची वहिवाट ठरविण्यासाठी मुत्सद्दी जमले, आणि त्यातूनच १९४७ साली माँट्रियल येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना उभी राहिली. या कराराचे आता एकोणीस परिशिष्ट-ग्रंथ आहेत. त्यांतील तेरावे अपघाताच्या अन्वेषणाचे: जेथे विमान पडले ते राष्ट्र चौकशी चालवील, आणि विमानाची नोंदणी ज्याच्याकडे, ज्याने ते बांधले, त्यांचे प्रतिनिधी तीत सहभागी होतील. म्हणूनच दादरीच्या शेतांत सापडलेल्या विमानांच्या नोंदयंत्रांतील नोंदी मॉस्को आणि इंग्लंडमधील फार्नबरो येथे उलगडल्या गेल्या. आणि दिल्लीतील न्यायासनापुढे आलेला पुरावा कोणा एका पक्षाने घरी बसून रचलेला नाही, एवढा विश्वास सर्वांना राहिला.

पुढे भारताने आपल्या हद्दीत येणाऱ्या विमानांवर टक्करनिवारक यंत्राची सक्ती केली. हे यंत्र शेजारच्या विमानास विद्युत्‌लहरींनी प्रश्न विचारून त्याची उंची जाणते, आणि संकट दिसताच एकास ‘चढा’, दुसऱ्यास ‘उतरा’ असे बजावते. पण यंत्र एक सांगेल आणि जमिनीवरचा नियंत्रक दुसरे, तर ऐकावयाचे कोणाचे? १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनजवळ रशियन विमानाने यंत्राऐवजी नियंत्रकाचे ऐकले, ते एका मालवाहू बोइंगवर आदळले आणि एकाहत्तर माणसे मेली. त्यानंतर माँट्रियलच्या संघटनेने नियमांतली संदिग्धता काढून टाकली: अशा वेळी यंत्राची आज्ञा शिरोधार्य. भाषेचाही बंदोबस्त झाला. २००३ साली संमत झालेल्या आणि २००८ पासून अंमलात आलेल्या नियमांन्वये आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिकास व नियंत्रकास भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते.

ठरावांच्या कागदाला वजन येते ते तपासनिसांमुळे, आणि ही बाब आपल्यालाही एकदा महागात पडली. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयात पुरेसे प्रशिक्षित निरीक्षक नाहीत, या कारणास्तव अमेरिकेच्या विमानखात्याने ३१ जानेवारी २०१४ रोजी भारताला विमानसुरक्षेच्या पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत उतरविले. आपल्या कंपन्यांना अमेरिकेकडे नवी उड्डाणे सुरू करण्याची मुभा राहिली नाही. दिल्लीतील पुष्कळांना तो राष्ट्राचा अपमान वाटला. मला विचाराल तर अपमान रिकाम्या खुर्च्यांमध्ये होता, त्या मोजून दाखविणाऱ्यात नव्हता. निरीक्षकांच्या भरतीचे काम मार्गी लागले, फेरतपासणी झाली, आणि ८ एप्रिल २०१५ रोजी पहिली श्रेणी परत मिळाली.