घरातलं नेटवर्क, भाग ५ : आठही दिवे लागले, तरी केबल चुकलेली

मागच्या भागात केबल भिंतीतल्या पाइपातून ओढून खोलीपर्यंत आणली. आता तिच्या टोकांना कनेक्टर बसवायचे. वायरमन दोन मिनिटांत क्रिम्प करतो, टेस्टर लावतो, एक ते आठ दिवे ओळीने लागले की काम झालं म्हणतो. पण सगळे दिवे लागूनही केबल चुकीची जोडलेली असू शकते. आजचा बराचसा भाग त्या एका चुकीसाठीच ठेवला आहे.

केबलचं आवरण सोललं की नारिंगी, हिरव्या, निळ्या आणि तपकिरी अशा चार जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीत एक रंगीत तार आणि तिच्या सोबतीची पांढरी, एकमेकींना पीळ घातलेल्या. हा पीळ फार मोलाचा आहे. जोडीतल्या एका तारेवरून सिग्नल जातो, दुसरीवरून तोच उलटा. शेजारच्या विजेच्या वायरीचा किंवा बाजूच्या जोडीचा गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखा पडतो. पलीकडचं यंत्र या दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी या युक्तीचं पेटंट १८८१ मध्ये मिळवलं. आजची गिगाबिट केबलही तिच्याच भरवशावर चालते.

आता क्रम. कनेक्टरची खिटी खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल शिरायचं तोंड आपल्याकडे. डावीकडून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा टी-५६८-बी. ‘ए’ प्रकारात नारिंगी आणि हिरवी जोडी जागांची अदलाबदल करतात, बाकी सगळं तेच. दोन्ही सारखेच चांगले, फक्त घरभर एकच पाळा.

या क्रमात हिरवी जोडी फुटलेली दिसते. तिची एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या, आणि मध्ये निळी जोडी. हा वारसा टेलिफोनचा. तिथे मधल्या दोन पट्ट्या पहिल्या लाइनच्या असत, म्हणून निळी जोडी मध्यावर राहिली आणि दुसऱ्या जोडीला तिच्या दोन्ही बाजूंना उभं राहावं लागलं. हे माहीत नसलेला माणूस जोड्या ओळीने लावतो : नारिंगी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं की प्रत्येक तार बरोबर त्याच क्रमांकावर पोचते आणि टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण तीन आणि सहा क्रमांकांवरचा सिग्नल आता पांढऱ्या-हिरव्या आणि निळ्या तारेवरून धावतो. या दोघींचा एकमेकींशी पीळच नाही! गोंगाट दोघींवर वेगवेगळा पडतो, वजाबाकी फसते. हातभर तुकड्यावर कदाचित भागेल. लांब केबलवर वेग कोसळतो, व्हिडिओ कॉल अडखळतात, आणि लोक राउटर बदलून पाहतात. या चुकीला स्प्लिट पेअर म्हणतात. साधा टेस्टर तार पोचली की नाही एवढंच सांगतो, ती कोणाच्या जोडीने आली हे त्याला कळत नाही. कनेक्टर पारदर्शक असतो, तेव्हा दोन्ही टोकांचे रंग स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

याच कारणाने पीळही गरजेपुरताच सोडायचा. मानकाप्रमाणे जास्तीत जास्त १३ मिलिमीटर. तारा सरळ करणं सोपं जावं म्हणून दोन इंच उसवलेल्या केबली सर्रास दिसतात, आणि त्यांचं बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत पोचलेलं नसतं. मग ओढाताण थेट तारांवर येते. आवरण आत, पकडीखाली गेलंच पाहिजे.

प्लॅन ३०० मेगाबिटचा आणि केबलवर मिळतात नव्वदच्या आसपास, असं असेल तर आधी संगणकावर लिंकचा वेग पाहा. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी तपकिरी तार पट्टीला नीट लागली नाही, तर यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालू असतं म्हणून कोणाला संशय येत नाही.

केबल घेताना तारेचं टोक पात्याने खरवडून बघा. आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, बाजारात त्याला सीसीए म्हणतात. ती तार लवकर तुटते, तिचा रोधही जास्त. केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी तर ती मुळीच नको, कारण ती तापते. स्वस्त मिळाली तरी भिंतीत घालू नका.

भिंतीतल्या केबलच्या टोकाला शक्यतो जॅक बसवा. जॅकच्या खाचांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून वरचा पाठ केलेला क्रम तिथे वापरू नका, जॅकवर छापलेले रंग पाहा. बॉक्सच्या मागे थोडी केबल राखून ठेवा. क्रिम्प केलेला कनेक्टर परत वापरता येत नाही, चुकला तर कापूनच टाकावा लागतो, आणि तेव्हा ही राखलेली लांबी कामी येते.

(पुढील भागात : स्विच आणि पॅच पॅनेल)