व्हीपीएन लावलं की नेट गेलं? टॉवरला शिव्या देऊ नका

पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम लोणारच्या घरी बसून करणाऱ्यांची एक तक्रार ऐकून आता कान किटले आहेत. "व्हीपीएन कनेक्टेड दिसतंय, पण गूगलसुद्धा उघडत नाही. आपल्याकडचं नेटवर्कच भिकार!" मग सिम बदलतात, राउटर बंद-चालू करतात. कुणी तर थेट लोणारच्या विवराच्या चुंबकत्वावर घसरतं.

अहो, व्हीपीएन बंद करताच त्याच नेटवर यूट्यूब धावतं ना? मग टॉवरचा काय दोष?

व्हीपीएन जोडलं की अनेकदा ऑफिसच्या फायलीच नव्हे, संगणकाची सगळीच वाहतूक बोगद्यातून ऑफिसच्या सर्व्हरकडे जाते. तो ती पुढे इंटरनेटवर सोडेलच असं नाही. लिनक्स सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग सहसा मुळात बंद असतं. ते चालू करून नॅटचा, म्हणजे पत्ते बदलून देण्याचा, नियम घालावा लागतो. हे राहिलं की ऑफिसचा सर्व्हर भेटतो, बाकी जग नाही.

व्हीपीएन चालू ठेवून १.१.१.१ ला पिंग करा. उत्तर येतंय, पण नाव टाकून काहीच उघडत नाही? दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. उत्तरच नाही, तर बहुधा वाटेचा. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये आयपीव्ही४ च्या 'अॅडव्हान्स्ड' खिडकीत 'यूज डीफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क' समोरची खूण काढली की ऑफिसचं तेवढं बोगद्यातून जातं, बाकीचं थेट. लॅपटॉप कंपनीचा असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा. सुरक्षेसाठी ही खूण मुद्दाम ठेवलेली असू शकते. छोटे संदेश जातात आणि मोठी पानं लटकतात, तेव्हा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, पाहा. इथरनेटच्या १५०० बाइटांतली काही जागा व्हीपीएनचं वेष्टणच खातं. वायरगार्ड हे व्हीपीएन सहसा १४२० धरतं. मोबाइल नेटवर कधी त्याहूनही खाली यावं लागतं.

आणि 'कनेक्टेड' या शब्दावर फार विसंबू नका. वायरगार्ड पलीकडून काहीच उत्तर नसतानाही 'अॅक्टिव्ह' दाखवतं. आलेला डेटा शून्यावरच अडला असेल तर बोगदा झालेलाच नाही.

चुंबकत्वाचं म्हणाल तर खडकांचं चुंबकत्व होकायंत्राला चकवू शकतं, मोबाइलच्या लहरींना नाही.

आता बाकीच्या शंका. व्हीपीएन बेकायदा आहे? देशभर अशी बंदी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं ठेवायला सांगितलं. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नाही, हे सर्ट-इननेच नंतर स्पष्ट केलं.

व्हीपीएनने वेग वाढतो? सहसा घटतोच.

व्हीपीएन तुटल्यावरही नेट येत नाही? अॅपमधला 'किल स्विच' चालू असेल. तो नेट अडवतो, कारण ते त्याचं कामच आहे. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.