व्याजदराचा अधिकार कोणाचा?

कर आणि खर्च सरकारने ठरवायचे, पतधोरण रिझर्व्ह बँकेने, ही विभागणी आज सरळ वाटते. पण ती घडायला काही दशके लागली. पूर्वी केंद्राच्या तिजोरीत पैसा कमी पडला की रिझर्व्ह बँकेला ॲड-हॉक ट्रेझरी बिले देऊन रक्कम उचलता येई. म्हणजे तूट भरायला थेट नवा पैसा. १९९४च्या करारानंतर ही सोय टप्प्याटप्प्याने आवरती घेऊन १९९७मध्ये बंद झाली.

पुढे २०१६मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि रेपो दर, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या कर्जाचा दर, सहा जणांच्या पतधोरण समितीकडे गेला. तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. महागाईचे लक्ष्य मात्र ही समिती ठरवत नाही. ते बँकेशी सल्लामसलत करून सरकार पाच वर्षांसाठी ठरवते: ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे ते इथे. लक्ष्य निवडून आलेल्यांचे आणि ते हुकले तर जाब नेमलेल्यांना.

रेपो दर वाढला की घरकर्जाचा हप्ता चढतो, उद्योग गुंतवणूक लांबवतात आणि मागणी मंदावून किमतींवरचा ताण उतरतो. याला वेळ लागतो. शिवाय २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. अवकाळी पावसाने कांदा सडला तर व्याज वाढवून तो बाजारात येत नाही. तिथे सरकारलाच हात घालावा लागतो.

२०२२मध्ये दोन्ही बाजू एकदम हलल्या. युक्रेन युद्धाने तेल आणि धान्य भडकल्यावर मे महिन्यात समितीने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला. त्याच मे महिन्यात केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली, पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क ८ आणि डिझेलवरचे ६ रुपयांनी उतरवले. तरीही जानेवारी ते सप्टेंबर सलग तीन तिमाही सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. कायद्याच्या लेखी हे अपयश. त्याबद्दल बँकेला एवढेच करावे लागते: कारणे, उपाय आणि लागणारा काळ सरकारला लेखी कळवणे. नोव्हेंबरमध्ये अशा अहवालासाठी समितीची खास बैठक झाली. तो जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने संसदेत सांगितले.